पहिली चाल हरणाऱ्याची

सरळ साबण मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राच्या घरी. हात धुवायला गेलो आणि बेसिनपाशी उभाच राहिलो. चारही कोपरे जागच्या जागी असलेली वडी होती ती. मित्राच्या आईला वाटलं, मला चक्कर आली. मी ती वडी खिशात घालून घरी आणली. चोरी म्हणून नव्हे, आईला दाखवायला, की बघ, असाही असतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा धंदा साबणाचाच आहे.

कारखाना बाबा आणि मामा मिळून चालवतात. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन कढया, एक मोठा लाकडी साचा, भिंतभर फळ्या आणि कोपऱ्यात लेबलं चिकटवणारा मी. साच्यातला साबण घट्ट झाला की त्याची भलीमोठी लादी टेबलावर येते. बाबा तिच्यावर अंगठा दाबून बघतात, स्वतःशीच हुं म्हणतात, आणि तारेच्या चौकटीने तिच्या वड्या पाडतात. मग त्या वड्या उचलून वाळायला फळ्यांवर मांडायच्या. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की दोघांनी फार पूर्वीच, मी जन्मायच्याही आधी, त्याचा खेळ करून टाकला.

खेळ असा. एकाने कुठल्याही एका वडीवर बोट ठेवायचं. ती वडी, आणि तिच्यापासून उजवीकडे नि पलीकडे जेवढा तुकडा असेल तेवढा सगळा त्याने उचलून फळीवर न्यायचा. मग दुसऱ्याने उरलेल्यातल्या एका वडीवर बोट ठेवायचं. असं करत लादी उजवीकडून आणि पलीकडून झिजत जाते, आणि शेवटी अलीकडच्या डाव्या कोपऱ्यातली एकटी वडी उरते. साच्याला त्याच कोपऱ्यात तोंड आहे. घट्ट व्हायच्या आत थोडा साबण तिथून ओघळतो, म्हणून ती वडी दर वेळी वाकडी निघते. तिला आम्ही कुबडी म्हणतो. कुबडी ज्याला उचलावी लागेल तो हरला, आणि ती त्यानेच घरी न्यायची, कारण ती कोणी विकत घेत नाही.

आणखी एक नियम आहे: काल जो हरला, त्याने आज सुरुवात करायची. हा नियम मामाने दया म्हणून काढला होता. तेव्हापासून बाबा रोज सुरुवात करतात आणि रोज हरतात. मामाच्या घरी चौकोनी साबण, आमच्या घरी कुबड्या. आईने कुबड्यांची इतकी सवय करून घेतली होती की मी आणलेली सरळ वडी हातात धरून ती म्हणाली, "ही घसरते रे."

नुसत्या साबणापुरतं असतं तर ठीक होतं. पण कारखान्यातला कुठलाही मतभेद लादीवरच सोडवायचा, असंही त्या दोघांचं ठरलेलं. जो जिंकेल त्याचं खरं. त्यामुळे कारखान्याचं दार जांभळं आहे. त्यामुळे सुट्टी शनिवार-रविवार नसून रविवार-सोमवार... म्हणजे अर्धाच सोमवार आहे. माझं नावही तसंच ठरलं. बाबांनी सुचवलेलं नाव चांगलं होतं. मामाने सुचवलेलं मी इथे सांगत नाही.

तर असा सगळा आनंद चालू असताना एका मंगळवारी मामा म्हणाला, "भावोजी, वड्या बंद करू या."

बाबा कढई ढवळत होते. ढवळायचे थांबले नाहीत. "का, आज लवकर जायचंय?"

"आज नाही हो. कायमच्या. बाटल्या करू. लोक आता वडीला हात लावत नाहीत. बाटली कशी, दाबली की फस्स."

"फस्स?"

"फस्स."

आता मात्र बाबा थांबले. साबण करण्यात बाबांना जे काही येतं ते सगळं वडीपुरतं येतं. कढईतला आवाज ऐकून ते सांगतात की झालं. लादीवर अंगठा दाबून सांगतात की आता काप, नाहीतर उद्या चुरा होईल. बाटलीत अंगठा जात नाही. बाटलीसाठी मामाने एक यंत्र बघून ठेवलं होतं, ते स्वतःच ढवळतं, स्वतःच भरतं आणि झालं की शिट्टी मारतं. बाबांनी त्या यंत्राचं चित्र पाहिलं. "मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसा ना आरामात."

एवढा भयंकर शब्द त्या खोलीत आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"लादीवर ठरवू," बाबा म्हणाले. आवाज जरा फाटलाच.

"ठरवू की. शनिवारच्या लादीवर. सुरुवात अर्थात तुमचीच."

"का माझी? हाच तर अन्याय आहे! जो सुरुवात करतो तो हरतोच. खेळच तसा आहे. आयुष्यभर मी सुरुवात करतोय, म्हणून आयुष्यभर हरतोय."

"मग एकदा जिंका, म्हणजे सुरुवात माझ्याकडे येईल."

"अरे, पण सुरुवात करून जिंकू कसा?"

"ते मला काय माहीत? मी कधी सुरुवात केलीच नाही." मामा हसला. मामा हसला की त्याचे खांदे हलतात, चेहरा हलत नाही.

"सिद्ध करून दाखवलं तर?" बाबा म्हणाले. "सुरुवात करणारा हरतोच, असं लेकीकडून सिद्ध करून आणलं तर शनिवारी तू सुरुवात करशील?"

"गणिताने सिद्ध? करीन. शब्द देतो."

माझी ताई विद्यापीठात गणित करते. दिवसभर फळ्याकडे बघत बसते आणि कधीमधी एखादी ओळ पुसते, एवढं मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा पाहिलं होतं. गुरुवारी ती घरी जेवायला आली. बाबांनी तिला बसूही दिलं नाही.

"आलीस? बरं झालं. एक सिद्ध करायचंय."

"कपडे बदलू का आधी?"

"नंतर बदल. लादीचा खेळ. सुरुवात करणारा हरतोच, एवढं लिहून दे. खाली सही कर."

ताईने पर्स खुंटीला लावली. पाणी प्यायली. मग ग्लास हातातच धरून उभी राहिली आणि भिंतीकडे बघू लागली. आई म्हणाली, "झालं हिचं सुरू." ताईने ग्लास ठेवला.

"बाबा, उलटं आहे."

"काय उलटं आहे?"

"सुरुवात करणारा जिंकतो. नेहमी. म्हणजे त्याने नीट खेळलं तर दुसऱ्याला काही चान्सच नाही."

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. बाबा म्हणाले, "परत एकदा भिंतीकडे बघ."

"बघायची गरज नाही. सोपं आहे. समजा, तुम्ही म्हणता तसं दुसराच नेहमी जिंकतो. ठीक? आता तुम्ही सुरुवातीला फक्त एक वडी उचला. कुबडीच्या बरोबर समोरच्या टोकाची, सगळ्यात लांबची. तिच्या उजवीकडे काही नाही, पलीकडे काही नाही, म्हणजे ती एकटीच उचलली जाते."

"बरं."

"आता मामाची पाळी. दुसराच जिंकतो म्हणता ना, मग मामाकडे आता एक जिंकणारी चाल असायलाच पाहिजे. तो कुठेतरी बोट ठेवणार. कुठेही ठेवू दे."

"ठेवलं."

"तो जिथे बोट ठेवेल, तिथपासून टोकापर्यंतचा सगळा तुकडा जातो. म्हणजे ती टोकाची वडी तुम्ही आधी उचलली नसती तरी त्याच चालीत गेलीच असती. हो ना?"

बाबांनी हवेत बोट फिरवून बघितलं. "हो, गेली असती."

"मग ती चाल तुम्हीच पहिल्यांदा का नाही खेळलात? तीच लादी उरली असती, आणि जिंकणारे तुम्ही असता. म्हणजे दुसऱ्याची जीत पक्की आहे असं धरलं, तर ती जीत पहिल्याला चोरता येते. म्हणून दुसऱ्याची जीत पक्की असूच शकत नाही. आणि बरोबरी तर ह्या खेळात नाहीच, कुबडी कोणाला तरी उचलावीच लागते. म्हणून पहिला जिंकतो. संपलं."

मी मनातल्या मनात दोनदा उजळणी केली. कुठे भोक सापडेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, एवढं मात्र लगेच कळलं.

बाबा खुर्चीवर बसले. खरं तर खुर्ची जरा डावीकडे होती, पण बसले. त्यांना उठवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी रोज... जिंकत होतो?"

"रोज सकाळी जिंकत होतात," ताई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत हरत होतात."

"रोज ती जीत माझ्यासमोर टेबलावर पडलेली असायची?"

"हो."

"कुठे?"

"ते नाही माहीत."

"माहीत नाही म्हणजे? आत्ता तर सिद्ध केलंस!"

"ती आहे हे सिद्ध केलं. कुठे आहे ते त्या सिद्धतेत नाहीये, बाबा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय, मी नाही लपवली."

जेवण कोणाला गेलं नाही. बाबा मध्येच घास थांबवून "रोज!" म्हणायचे आणि पुन्हा चावायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी ताईला कारखान्यात नेऊन मामाला सांगणं भाग होतं. मला वाटलं, मामा खांदे हलवील. सुरुवात बाबांकडेच राहिली, त्याला हवं तेच झालं. त्याने सिद्धता एकदा ऐकली. टेबलावर लेबलं मांडून दुसऱ्यांदा ऐकली. आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे मी दुसरा. आणि दुसऱ्याकडे जिंकायची चालच नाही?"

"पहिल्याने चूक केली तरच," ताई म्हणाली.

"म्हणजे मी आजवर एकदाही जिंकलो नाही?"

"जिंकलास की. बाबांनी जिंकू दिलं."

"मी काय खेळलोच नाही का मग? एवढी वर्षं मी डोकं चालवलं ते काय होतं?" मामा माझ्याकडे वळला. "भाचेबुवा, तुम्ही बघितलंय ना मला डोकं चालवताना?"

मी बघितलं होतं. तो डावा डोळा मिटायचा. तसं मी सांगितलं.

त्या दिवशी मामाने लिंबाच्या कढईत गुलाबाचा अर्क ओतला आणि गुलाबाच्या कढईत काहीच ओतलं नाही. बाबांनी ओरडायला पाहिजे होतं. पण ते कापलेल्या लादीसमोर हात मागे बांधून उभे होते आणि एकेक वडी निरखत होते, चोर ओळखायला बोलावलेल्या माणसासारखे. दोघेही मला इतके हादरलेले वाटले की शनिवारी खेळायच्या आधीच कारखाना बंद पडेल अशी भीती वाटली.

मग संध्याकाळी घरी ताईने लॅपटॉप काढला.

"लादी काही फार मोठी नाही," ती म्हणाली. "तिचे उरतील तेवढे सगळे आकार कॉम्प्युटरला तपासायला सांगते. शेवटापासून मागे मागे. कुठला आकार समोर आला तर हार, कुठला आला तर जीत." तिने काहीतरी टाइप केलं. आई चहा गाळत होती. चहा कपात पडायच्या आत उत्तर आलं.

उत्तर म्हणजे एक वडी. ती लादीच्या मध्यावर नव्हती, कडेला नव्हती, कुठल्याही कोपऱ्याच्या सरळ रेषेत नव्हती. नुसतीच होती. बाबा मला घेऊन कारखान्यात गेले, लादीवर मोजून ती वडी शोधली, आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. खाली वाकून तिचा वासही घेतला.

"बाकीच्यांसारखाच आहे," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ताईला धरलं. "हीच का?"

"कारण बाकी कुठूनही सुरुवात केली तर तुम्ही हरता."

"बाकीच्यांनी का हरतो?"

"कारण त्या प्रत्येकीनंतर मामाकडे एक उत्तर आहे."

"ते उत्तर का जिंकतं?"

"कारण त्याच्यानंतर तुमच्या सगळ्या चाली हरतात."

"पोरी, तू मला गोल फिरवतेयस."

"गोल नाही, बाबा. खाली उतरतोय आपण. पार खाली गेलं की कुबडी येते."

"पण कारण काय?"

"हेच कारण आहे. लाखो आकार तपासले, कुठेही चूक नाही. ह्याच्या पलीकडे कारण मला माहीत नाही. कोणालाच माहीत असेल असं वाटत नाही."

"असं आहे म्हणून असं आहे, एवढं तर मला तुझे आजोबाही सांगायचे," बाबा म्हणाले. "तुला विद्यापीठात कशाला पाठवलं?"

ताईला हे लागलं. ती लॅपटॉप मिटून म्हणाली, "मलाही आवडत नाही ते. माझ्या कामातही आता असंच होतं. कधीतरी मशीन सांगतं, खरं आहे. सगळे टाळ्या वाजवतात. मग आम्ही एकमेकांकडे बघतो, की आता पुढे काय."

"तुम्ही पण?" बाबांना हा आणखी एक धक्का होता. त्यांना वाटायचं, विद्यापीठात निदान सगळं कळत असेल.

आईने हातातलं काम खाली ठेवलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कारण पाहिजे की कारखाना पाहिजे? पोरगी सांगेल तिथे बोट ठेवा आणि उचला. गप."

बाबा कधी लपूनछपून काही करत नाहीत. ते तसेच उठून मामाच्या घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, "उद्या लेक सांगेल आणि मी उचलीन. चालेल का, बोल. नाही म्हणालास तर माझा मी हरेन."

मामाने दाराला टेकून विचार केला. मामा गर्विष्ठ आहे, पण ते बरंच उपयोगी पडतं. "आणा कॉम्प्युटर," तो म्हणाला. "डोकं चालतं की गणित चालतं, बघूच. पण मग माझ्या बाजूनेही कोणीतरी पाहिजे. मी भाचा घेतो."

ह्यावर बाबांची काहीच हरकत नव्हती. मला तो अपमान आहे हे कळायला रात्र गेली.

शनिवारी लादी टेबलावर आली. बाबांनी अंगठा दाबला. हुं म्हणाले नाहीत. वड्या पाडल्या. ताई लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे स्टुलावर, मी मामाच्या मागे. आई सहसा कारखान्यात येत नाही, आज जांभळ्या दाराला टेकून उभी होती.

ताईने सांगितलं, बाबांनी त्या नुसत्याच असलेल्या वडीवर बोट ठेवलं आणि तुकडा उचलून फळीवर नेला. मामाने डावा डोळा मिटला.

"ही काय चाल झाली?" त्याने मला विचारलं.

"मामा, मला माहीत नाही."

"तुला घेतलाय कशाला मग?"

मामाने पलीकडून एक पट्टी उचलली. ताईने सांगितलं, बाबांनी एकच वडी उचलली. एकच! बाबांनी जन्मात कधी एकटी वडी उचलली नव्हती, ते नेहमी दोन्ही हातांत मावेल तेवढं घेतात. मामाने मोठा तुकडा घेतला. ताईने सांगितलं, बाबांनी असा तुकडा घेतला की उरलेली लादी कुत्र्याने चावलेल्या पावासारखी दिसायला लागली. तिच्यात ना सरळपणा, ना शोभा. मामाला घाम फुटला.

"चुकलो का मी कुठे?" त्याने ताईला विचारलं. ती बाबांच्या बाजूने होती, पण त्याला सुचेनासं झालं होतं.

"नाही, मामा. तू काही चुकला नाहीस."

"मग सावरू ना? सावरायला काय करू?"

"काही नाहीये करण्यासारखं. पहिल्या चालीलाच संपलं."

"मग मी खेळतोय काय!"

बाबांचीही दशा काही बरी नव्हती. जिंकत असलेल्या माणसाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, म्हणजे घरी पाहिलाच नव्हता म्हणा. ताई आकडा सांगायची, ते बोट ठेवायचे, तुकडा न्यायचे, परत यायचे. एकदा ते फळीपाशीच थांबून राहिले. "हे मी करतोय असं वाटत नाहीये," ते आईला म्हणाले. "कोणीतरी माझा हात धरून सही करून घेतंय असं वाटतंय."

"करा सही," आई म्हणाली.

लादी लहान होत गेली. शेवटी मामाने कुबडीच्या तिरक्या शेजारची वडी उचलली आणि तिच्याबरोबर आतलं जे काय उरलं होतं ते सगळं गेलं. आता टेबलावर उरलं ते एवढंच: कोपऱ्यात कुबडी, तिच्यापासून उजवीकडे गेलेली वड्यांची एक ओळ, आणि तिच्यापासून पलीकडे गेलेली दुसरी ओळ. जणू कुबडीने दोन हात पसरलेत. उजवा हात लांब, दुसरा आखूड.

ताईने स्क्रीनकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. "सांगू नकोस."

"बाबा, एकच बरोबर चाल आहे इथे."

"सांगू नकोस म्हटलं ना."

आईने डोळे मिटले. सगळा कारखाना त्या टेबलावर होता, आणि हा माणूस मशीनला गप्प करत होता. मामा मात्र ताठ झाला. त्याचा डावा डोळा मिटलेला होता तो उघडला.

बाबा वाकले. त्यांनी एका हाताचं बोट उजव्या ओळीच्या टोकाला ठेवलं, दुसऱ्या हाताचं पलीकडच्या ओळीच्या टोकाला. मग दोन्ही बोटं एकेक वडी मागे घेत कुबडीपर्यंत आणली. परत टोकांना नेली. परत आणली. हे करताना त्यांचे ओठ हलत होते.

"हा हात कापून त्याच्याएवढा केला," ते हळू म्हणाले, "तर मग तू इकडून जेवढ्या घेशील तेवढ्या मी तिकडून घेणार. तिकडून घेशील तेवढ्या इकडून. हात नेहमी सारखेच राहणार. आणि सारखे असताना पाळी नेहमी तुझी. शेवटी दोन्ही हात संपले की पाळी तुझीच, आणि समोर कुबडी." त्यांनी मान वर केली. "हो?"

मामाने नजर वळवली.

ताईने लॅपटॉप मिटला. "हो," ती म्हणाली.

बाबांनी लांब हातातल्या जास्तीच्या वड्या उचलल्या. हात सारखे झाले. मामाने उजवीकडून दोन घेतल्या, बाबांनी पलीकडून दोन घेतल्या. मामाने पलीकडून एक, बाबांनी उजवीकडून एक. बघताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मलाही कळत होतं. पुढच्या सगळ्या चाली मला दिसत होत्या, आईला दिसत होत्या, दाराबाहेरून कोणी डोकावलं असतं तर त्यालाही दिसल्या असत्या. मामाने कुबडी उचलली.

वड्या राहिल्या. बाटल्या गेल्या. आईने दाराला टेकूनच एक मोठा श्वास सोडला आणि घरी निघून गेली, स्वयंपाक राहिला होता.

बाबा मात्र आनंदले नाहीत. ते मामाकडे बघत होते. "तुला हे ठाऊक होतं."

"कुठलं?"

"दोन हातांचं. तुझं तोंडच सांगतंय. रोज शेवटी तू दोन हात सारखे करून माझ्यासमोर ठेवायचास. आणि मी तोवर हरलो म्हणून टॉवेल शोधत असायचो."

मामाने कुबडी ह्या हातातून त्या हातात घेतली. "ठाऊक होतं."

"आणि त्याच्या आधीचं? मधलं सगळं? ते डोळा मिटून जे करायचास ते?"

"ते..." मामा म्हणाला. "ते आपलं अंदाजे, भावोजी."

"अंदाजे?"

"चेहरा तेवढा ठाम ठेवायचो."

बाबा स्टुलावर बसले. मशीनचा शोध त्यांना झेपला होता, सिद्धताही एक वेळ झेपली होती. हे झेपेना. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, समोर एक डोकं आहे, त्याला लादीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसतं. त्या डोक्यापुढे हरण्यात एक प्रकारची अब्रू होती. आणि आता कळलं की समोर दोन सारखे हात होते, आणि बाकी सगळा अंधार. दोघांनाही सारखाच.

"म्हणजे दाराचा रंग," बाबा म्हणाले.

"अंदाजे."

"आणि ह्याचं नाव?"

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोन पावलं मागे सरकून फळीला धरलं.

बाबांनी ताईला विचारलं, "मधल्या भागाचंही असंच काही असेल का गं? दोन हातांसारखं? बघितलं की कळेल असं?"

"असेलही. आजवर मला तरी कोणी सांगितलेलं नाही."

"नसेलच, असं सिद्ध झालंय?"

"तेही नाही."

"मग तुम्ही लोक झोपता कसे?" बाबांनी अगदी मनापासून विचारलं. ताई म्हणाली की सगळेच काही झोपत नाहीत.

त्याच दुपारी बाबांनी सुतार बोलावला आणि साचा दोन्ही बाजूंनी वाढवून घेतला, जेणेकरून मशीनचं उत्तर त्याला लागू पडू नये. ताईला त्यांनी लॅपटॉपसकट विद्यापीठाच्या बसमध्ये बसवून दिलं आणि नवीन माप सांगितलं नाही. ती खिडकीतून म्हणाली, "पण बाबा, पहिलाच जिंकतो, हे मोठ्या साच्यालाही लागू आहे हं! त्याला माप लागत नाही!" बस सुटेपर्यंत बाबा तिच्याकडे कानकोंडे होऊन बघत राहिले.

सोमवारी अर्ध्या दिवशी नवीन साच्याची पहिली लादी टेबलावर आली. पाहिली तेव्हा मला ती मैदानासारखी वाटली. बाबांनी अंगठा दाबला, हुं म्हणाले, वड्या पाडल्या आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्या बाजूला मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामाला मग अलीकडे यावं लागलं. काल जो हरला त्याने आज सुरुवात करायची.

मामाने बाह्या सरसावल्या. बोट पुढे केलं. मग त्याने लादीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि बोट हवेतच राहिलं. जीत त्याची होती. सिद्ध झालेली. त्या वड्यांमध्ये कुठेतरी होती, आणि सगळ्या वड्या त्याच्याकडे सारख्याच बघत होत्या.

"भावोजी," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "इथून तर काहीच दिसत नाही हो."

"नाही दिसत," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही रोज काय करायचात?"

"बोट ठेवायचो."

मामाने बोट ठेवलं.